गार्नेटने घडवलेला समेट

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतील, बघच तू!" गार्नेटने सोमवारी सकाळी ऑफिसातल्या ब्रेंडाला छातीठोक सांगितलं.

उत्तर ऑन्टारियोतल्या त्या लाकूड गिरणीचा तो मुकादम. कामगारांचे तंटे कसे सोडवावेत याचं दोन दिवसांचं शिक्षण तो नुकताच घेऊन आला होता, आणि नवा वस्तरा मिळालेल्या न्हाव्यासारखे त्याचे हात शिवशिवत होते!

लुसिएन आणि टॉयवो सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लुसिएन करवत चालवायचा, टॉयवो पुढून फळ्या ओढायचा. त्या करवतीने टॉयवोच्या डाव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हापासूनचा हा अबोला. काम खुणांवर चालायचं, त्याही उरलेल्या बोटांच्या!

गार्नेटने दोघांना समोरासमोर बसवलं. मध्ये डोनटचा खोका ठेवला.

"आरोप करायचे नाहीत. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मला वाटतं' अशी करायची."

"मला वाटतं, हा गाढव आहे," टॉयवो म्हणाला.

"वा! छान सुरुवात!"

"मला वाटतं, हात यानेच आत घातला," लुसिएन पुटपुटला.

"करवत बंद होती! अडकलेली ढलपी काढत होतो मी. तू चालू केलीस! वर सहा वर्षांत एकदा 'चुकलं' म्हणाला नाहीस!"

"म्हणायलाच आलो होतो हॉस्पिटलात. तुझ्या बायकोने दारातूनच हाकललं."

टॉयवो खुर्चीत पुढे सरकला. "मला बोलली नाही ती."

"बघा, गैरसमज!" गार्नेटने खुशीत डोनटचा मोठा लचका तोडला. "आता लुसिएन, शांतपणे सांग. बटण का दाबलंस?"

लुसिएनने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"तू ओरडलास म्हणून. 'टॉयवो बाहेर आलाय, चालू कर, माल लटकलाय!' तुला न विचारता मी कधी बटण दाबलंय?"

डोनट घशातच अडकला. गार्नेट विसरला नव्हता. अपघाताच्या चौकशीत त्याने 'मी तिथे नव्हतोच' असं सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं की त्याचं त्यालाच ते पटत आलं होतं.

"खरं हे?" टॉयवोने विचारलं.

"मला वाटतं..." गार्नेटने सुरुवात केली आणि उरलेला डोनट खोक्यात परत ठेवला.

टॉयवोने दोन बोटांनी खोका उचलला. "चल रे," तो लुसिएनला म्हणाला. दोघं एकत्र बाहेर पडले.

जेवणाच्या सुट्टीत ते एकाच टेबलावर होते. भोवती चौदाजण कान देऊन उभे. तीन वाजेपर्यंत अख्खी गिरणी गार्नेटशी बोलेनाशी झाली. खुणा मात्र करत होते, आणि त्या त्याला नीट कळत होत्या!

संध्याकाळी तो ब्रेंडाच्या टेबलाशी बराच वेळ घुटमळला.

"जुन्या चौकशीतला जबाब बदलायचा असेल तर..."

"निळा फॉर्म. कुणाचा बदलायचाय?"

"माझा."

ब्रेंडाने मान वर केली नाही.

"मुकादमाचा असेल तर तीन प्रती लागतात," ती म्हणाली. "आणि पेनाने लिही. पेन्सिलीचं खोडता येतं."