अर्जदार मीच

अर्ज भरण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. बावीस वर्षं मी कचेरीत लोकांचे अर्ज तपासतोय. चुकलेला रकाना मला दारातूनच दिसतो. म्हणून अपंगांना आणि त्यांच्या एका सोबत्याला बसप्रवास मोफत झाला, तेव्हा ताईचा अर्ज मीच भरणार, असं मी परस्पर जाहीर करून टाकलं.

ताई माझी मोठी बहीण. पंधरा वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तिचे कान गेले. बोलते खणखणीत, समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखते. तिला छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती आणि पहिल्या दिवशी साडेनऊच्या ठोक्याला हजर व्हायचं होतं. अर्ज एकदा दाखव, असं ती तीनदा म्हणाली. मी हसून पाकीट चिकटवलं. पास आला, तोही न बघताच खिशात टाकला.

त्या पहिल्या दिवशी ताईला सोडायला मी सोबत निघालो. बसमध्ये कंडक्टरने पास बघितला, माझ्याकडे बघितलं आणि राखीव जागेवरच्या माणसाला उठवून मला हाताला धरून बसवलं. माझी छापच तशी पडते. मग त्याने भुवया उडवत, बोटं नाचवत काहीतरी विचारलं. बिचारा मुका दिसतोय, असं वाटून मीही हातवाऱ्यांनी छापखाना करून दाखवला: चाक फिरवलं, कागद उडवले.

तो विचारात पडला. मग ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "साहेबांना पिठाच्या गिरणीशी उतरायचंय."

मुका बोलला म्हटल्यावर मी चपापून पास उघडला. अर्ज मी भरतोय म्हणजे अर्जदार मीच, या भरात मी स्वतःचं नाव आणि फोटो वर ठेवले होते. त्याखाली ठळक अक्षरांत 'कर्णबधिर'. ताई खाली, सोबती म्हणून.

तेवढ्यात तपासनीस चढला. खुलासा करावा तर पास जप्त, आम्ही खाली आणि साडेनऊ रस्त्यातच वाजणार. मी तोंड उघडलं, पण ताईने पासवर नजर टाकून माझा पाय दाबला होता. तोंड उघडंच राहिलं.

"यांना अजिबात ऐकू येत नाही?" तपासनिसाने तिला विचारलं.

ताईने त्याचे ओठ नीट वाचले आणि म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे. कितीही सांगा, ऐकत नाही."

त्याने हळहळून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

नऊ पंचविसाला ताई छापखान्यात शिरली आणि मी तडक पासच्या खिडकीवर जाऊन सगळं कबूल केलं. तिथल्या बाई पोटभर हसल्या आणि कोरा अर्ज दिला.

तो ताईने भरला. माझ्यासाठी फक्त सोबत्याची सही शिल्लक ठेवली होती. तिथेही, मी चुकू नये म्हणून, पेन्सिलीने फुली मारली होती.