हरवलेल्या मेंढरांची पूर्वनोंदणी

जे हरवतं त्याचीच आठवण होते, हा जगाचा नियम आहे. किल्ली वर्षभर खिशात असली तर तिला कुणी विचारत नाही. एकदा हरवली की घरातल्या गाद्यासुद्धा उलट्या होतात. कोपरीच्या चर्चच्या मराठी मंडळीने या नियमाला चार उपनियम जोडले, एवढंच.

मंडळीचे सभासद बरोबर शंभर. (एकशेएकावं बाळ जन्मलं तेव्हा एक सभासद नाशिकला राहायला जाईपर्यंत त्याचा बाप्तिस्मा पुढे ढकलला होता.) त्यामुळे बायबलमधला शंभर मेंढरांचा दाखला, म्हणजे दृष्टांत, आपल्यालाच उद्देशून आहे, असं सगळ्यांना वाटे. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवतो आणि हरवलेल्या एकाला शोधायला निघतो. शीलाबाईंच्या संडे स्कूलमध्ये हा दाखला झाला तेव्हा नऊ वर्षांच्या सान्वीने हात वर करून विचारलं होतं, की मग त्या नव्व्याण्णवांना लांडग्याने खाल्लं का? शीलाबाई म्हणाल्या, नाही, ती एकमेकांना धरून राहिली.

सान्वीचे आजोबा सुदेश रणपिसे मंडळीचे सेक्रेटरी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. दाखला उत्तम आहे, पण त्यात 'हरवलेले' याची व्याख्या नाही, ही त्रुटी त्यांच्या लक्षात आली. ठराव झाला. सलग तीन रविवार उपासनेला गैरहजर, तो हरवला. त्याच्या घरी चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वतः जावं, बसावं, चहा घ्यावा, प्रार्थना करावी. सापडलेल्याला पुढच्या रविवारी पुष्पगुच्छ द्यावा, कारण अशा प्रसंगी स्वर्गात आनंद होतो आणि मंडळीने स्वर्गाच्या मागे राहणं बरं दिसत नाही. जे हरवले नाहीत त्यांच्याकडे जाऊ नये. ते कुठे आहेत हे माहीतच असतं.

योजना अपेक्षेबाहेर यशस्वी झाली. पहिल्या तिमाहीत चार जण सापडले, दुसऱ्या तिमाहीत एकोणतीस, तिसऱ्या तिमाहीत एकाहत्तर. आध्यात्मिक वाढीचा असा वेग पूर्वी कुठे नोंदलेला नाही. (पूर्वी कुणी नोंदत नसे.) डोंबिवलीच्या विकी साळवेंनी नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाची तारीख धरली, मागे तीन रविवार मोजले आणि शिस्तीत हरवले. कल्याणच्या नयनताई जूनमध्ये सापडल्या, गुच्छातली फुलं शिळी निघाली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा हरवल्या. पुढे गर्दी एवढी झाली की हरवण्यासाठी पूर्वनोंदणी सक्तीची करावी लागली. फॉर्मवर तीन रकाने होते: हरवण्याचं कारण, कालावधी, आणि सापडण्याची सोयीची वेळ.

शीलाबाई मात्र अडतीस वर्षांत एकदाही हरवल्या नव्हत्या. दिवा स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर राहायच्या. इमारतीत लिफ्टची जागा होती. लिफ्ट यायची होती. नवरा कुंडलिक. त्याने तीस वर्षं चर्चची घंटा वाजवली, आणि पाय गेल्यापासून दोन वर्षं तो अंथरुणावर होता. पाळकांनी एकदा घरी यावं, पलंगाजवळ बसावं, एवढंच त्याचं मागणं.

"मी घंटा वाजवली की सगळे यायचे गं," तो म्हणायचा. "एखाद्याने उलट इकडे यायला काय हरकत आहे?"

शीलाबाईंनी सेक्रेटरींना सलाम करून विषय काढला. कुंडलिक तीन सोडून शंभरावर रविवार गैरहजर आहेत, म्हणजे ते हरवलेलेच नाहीत का? सुदेशभाऊंनी फाइल उघडली. कुंडलिकभाऊंची गैरहजेरी सकारण आहे, पत्ता ठाऊक आहे, आणि ते उठून कुठे जाण्याचा संभव नाही. अशा माणसाला शोधायचं कसं? शिवाय नोंद कुटुंबाची होते, आणि कुटुंबातून शीलाबाई दर रविवारी हजर असतात.

"मग मी काय करू, भाऊ?"

"हरवा की," सुदेशभाऊ मनापासून कळवळून म्हणाले. "अडतीस वर्षांत एकदा हरवायला काय जातंय तुमचं, बाई? आम्ही नाही म्हणतोय का?"

शीलाबाईंनी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात त्यांना खोटं लिहिता येईना, म्हणून त्यांनी 'पाळकसाहेब यावेत म्हणून' असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. पहिल्या रविवारी त्या घरात बसून तांदूळ निवडत राहिल्या. दुसऱ्या रविवारी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले.

इकडे कोपरीत निराळाच पेच पडला. हरवलेली माणसं रविवारी सकाळी हमखास घरी भेटतात, म्हणून पाळकसाहेब रविवारीच शोधाला जायचे. तसे त्यांचे स्वतःचेच सलग तीन रविवार भरले. नियमाप्रमाणे ते हरवले. हरवलेल्याला पाळकांनीच शोधायचं असल्याने कमिटीने त्यांना पत्र दिलं, की त्यांनी स्वतःच्या घरी जावं, बसावं, चहा घ्यावा आणि अहवाल द्यावा. (पूर्वनोंदणी अर्थातच आवश्यक.)

तिसऱ्या रविवारी शीलाबाईंची बेल वाजली. दारात संडे स्कूलची अकरा मुलं. पुढे सान्वी, काखेत हजेरीपट. आया दुसऱ्या मजल्यावर दम खात बसलेल्या.

"बाई, सापडलात," सान्वी म्हणाली.

"अगं, आज नको होतं. आजचा दिवस भरला की पाळकसाहेब येणार होते."

"तेच हरवलेत, आजोबा म्हणाले. आणि तुम्हीच सांगितलेलं ना, एकमेकांना धरून राहायचं."

शीलाबाई दारातून बाजूला झाल्या. कुंडलिकने उशाशी असलेला स्टीलचा पेला चमच्याने तीनदा वाजवला आणि शाळा भरली. गाणं झालं. मग सान्वीने प्रार्थना केली: कुंडलिक आजोबांच्या पायांसाठी, दिव्यातल्या नळांना पाणी यावं म्हणून, आणि पाळकसाहेब स्वतःला लवकर सापडावेत म्हणून. सगळ्यांनी डोळे मिटले होते. कुंडलिकने मिटले नाहीत. तो पलंगाभोवतीची डोकी पाहत होता.

"आले की गं," तो हळूच म्हणाला.

त्याच वेळी पाळकसाहेब खालच्याच मजल्यावर, दुसऱ्यांदा हरवलेल्या एका कुटुंबाला शोधून चहा घेत होते. वरून गाणं ऐकू आलं तसं त्यांनी चौकशी केली.

"शीलाबाई राहतात वर," यजमान म्हणाले. "त्यांचं काही नाही. त्या कधी चुकत नाहीत."

पाळकसाहेबांना फार बरं वाटलं. त्यांनी चहा संपवला आणि ते खाली उतरले. वाटेत बसलेल्या आयांनी पाय आवरून त्यांना वाट दिली.

सोमवारी सेक्रेटरींचं पत्र आलं. संडे स्कूलच्या हजेरीपटावर सह्या झाल्यामुळे शीलाबाई तिसऱ्या रविवारी हजर ठरल्या. मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागेल.

पाळकसाहेबांचा राग आला असेल तर तो योग्यच आहे. फक्त जमलं तर एक आठवून पाहा. ज्या माणसाबद्दल 'त्यांचं काही नाही' असं तुम्ही बिनघोर म्हणता, त्याच्या घरी शेवटचे कधी गेला होतात? आठवत नसेल तरी अडचण नाही. फॉर्म त्यांनीच भरायचा असतो.