चार सिनेमांतलं एकच बदक

आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, ज्याला नाही त्यानेही ऐकावं. एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून माझी कवळी माझ्याच तोंडात बसू नये.

आधी माझी ओळख. गुप्तहेर म्हणवणारे पुष्कळ असतात. त्यांना भिंग लागतं, बोटांचे ठसे लागतात, पावसाळी कोट लागतो. मला यातलं काही लागत नाही. मी खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि गुन्हेगार ओळखते. घरचे याला झोप म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा चष्मा हरवला, तेव्हा तो कपाळावर आहे हे मी इथे बसल्या जागी सांगितलं होतं. फक्त कपाळ त्यांच्या बायकोचं निघालं. ही तपशिलाची चूक झाली, तत्त्वाची नव्हे.

माझ्या मदतनीस म्हणजे माझ्या विहीणबाई, जावयाच्या आई. समोरच्याच दारात राहतात. मदतनीस हा शब्द त्यांना पसंत नाही. त्यांचं म्हणणं, त्या नुसत्या सोबत येतात, मी कुठे हरवू नये म्हणून.

आणि जावई म्हणजे सिनेमाचा समीक्षक. दर शुक्रवारी पेपरात त्याचा चौकोन येतो. आठवड्याचे सगळे सिनेमे, प्रत्येकाला दोन वाक्यं. मारामारीचा असो की रडारडीचा, दोन वाक्यांत निकाल. घरीही तेच. लेकीने ताट वाढलं की पहिला घास घेऊन म्हणणार, सुरुवात आश्वासक आहे, पण मीठ उत्तरार्धात जाणवतं. लेक म्हणणार, मग पुढच्या खेळाला स्वतः उभे राहा. असा सुखाचा संसार चालला होता.

त्यात बदक शिरलं.

पहिल्या शुक्रवारी युद्धाच्या सिनेमावर त्याने लिहिलं, ‘पूर्वार्धात रणगाडे अंगावर येतात. शेवटी बदकाला आई भेटते तेव्हा युद्धाचा फोलपणा पटतो.’ आम्ही म्हटलं, असेल बाई, हल्ली काहीही दाखवतात. दुसऱ्या शुक्रवारी प्रेमाच्या सिनेमावर, ‘घरच्यांचा विरोध चांगला जमलाय. ऐन लग्नात नायक-नायिकेला वाऱ्यावर सोडून बदकाकडे वळणं हे धाडस आहे.’ तिसऱ्या शुक्रवारी पोलिसांच्या सिनेमावर, ‘पुन्हा बदक. दिग्दर्शकांनी आता दुसरा पक्षी शोधावा.’ आणि त्याच चौकोनात खाली, आधी बघायचा राहून गेलेल्या, लहान मुलांसाठी काढलेल्या एका बदकाच्या सिनेमावर, ‘उत्तरार्ध सरळसरळ चोरीचा. हे बदक आपण तीन सिनेमांत आधीच पाहिलेलं आहे.’

बदकवाल्या निर्मात्याने संपादकांना फोन केला. चोरी सिद्ध करा, नाहीतर चारचौघांत माफी मागा. संपादक शहाणा माणूस, स्वतः तिकीट काढून युद्धाचा सिनेमा बघून आले. बदक सोडा, त्यात कोंबडीसुद्धा नव्हती. त्यांनी जावयाला बोलावून सांगितलं की येत्या शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर चौकोनात शब्दकोडं जाईल. सिनेमा न बघता मत देणारा माणूस त्यांना नको होता.

जावई घरी आला आणि ताटावर बसला. मुकाट्याने जेवला. मिठाबद्दल चकार शब्द नाही. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत तिने त्याला मत नसलेला असा कधी बघितलाच नव्हता.

“आई, मी जे बघितलं तेच लिहिलं,” तो म्हणाला.

आम्ही दोघी एकदमच “हो रे बाबा” म्हणालो. तो दोघींनाही आईच म्हणतो. त्याच क्षणी मी प्रकरण हातात घेतलं.

माझा पहिला संशय पेपरात पानं लावणाऱ्या माणसावर. मजकूर शेवटी त्याच्या हातून जातो. आम्ही कचेरीत जाऊन बघितलं, तर त्याच्या टेबलावर चहाचा कप, आणि तो पिवळा. मी विहीणबाईंच्या कानात म्हटलं, कप पिवळा, बदक पिवळं, झालं काम. त्या म्हणाल्या की त्यांची छत्रीही पिवळी आहे. मी त्यांनाही संशयितांत घेतलं. पण पानं लावणाऱ्याने जावयाच्या हस्ताक्षरातले कागद काढून दाखवले आणि त्यातही बदक होतंच, तेव्हा दोघांनाही सोडून द्यावं लागलं.

दुसरा संशय जास्त खोल होता. कुणीतरी एक बदक पाळलंय आणि तो ते सगळ्या दिग्दर्शकांना भाड्याने देतो. म्हणजे टोळी. विहीणबाईंनी विचारलं, मग संपादकांना बदक का दिसलं नाही? मी म्हटलं, टोळीने त्यांच्या खेळाला ते लपवलं असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिसऱ्या संशयाकडे वळावंच लागलं.

तिसरा संशय मी सर्वांसमोर मांडायला नको होता. मी म्हटलं, जावईबापू थिएटरात जातच नसतील. तिकीट काढायचं आणि दुसरीकडेच जायचं. कुठे, ते शोधावं लागेल. लेक उठून आत गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी घासून झालेली होती.

“माझ्या मुलावर संशय घेताय?” विहीणबाई म्हणाल्या.

“गुप्तहेराला जावई नसतो.”

“मग मी येतेच. तो तिथेच असणार, आणि तुम्ही तोंडावर पडणार, ते मला बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी जावई भुताच्या सिनेमाला निघाला, आम्ही मागोमाग. वेषांतर म्हणून मी विहीणबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा लावला. थिएटर लहानसं, शेजारी शेजारी दोन हॉल, समोर एकच कॅन्टीन. मालक हिशेबी, दोन्हीकडचं मध्यंतर एकाच वेळी करतो म्हणजे वडे-सामोसे एकदाच तळावे लागतात. दारवाल्याने तिकीट फाडून जावयाला पहिल्या हॉलकडे बोट दाखवलं. तो शेवटच्या रांगेत अगदी कोपऱ्यात बसला. आम्ही दोन रांगा पुढे. तो आला होता, एवढं खरं. विहीणबाईंनी माझ्याकडे बघून मान उडवली.

सिनेमा भुताचा. जुनं घर, नवी सून, विहिरीत कुणीतरी. चष्म्यामुळे मला भूत आणि सून यांतला फरक कळत नव्हता, पण गोष्टीला त्याने काही अडलं नाही.

मध्यंतर झालं आणि जावयाची समीक्षकी रीत मी प्रथमच डोळ्यांनी पाहिली. मध्यंतरात लोक मतं बोलतात आणि एकाचं मत दुसऱ्याला सर्दीसारखं लागतं, म्हणून तो कानांत कापूस घालतो, मान खाली घालतो आणि फरशीकडे बघत चहा पितो. दिवे मालवले, सगळे आत गेले, की मग तो जातो, तसाच खाली बघत. मान वर केलीच आणि ओळखीचं कुणी भेटलं तर मत कानावर यायचं.

मी खांबाआडून पाळत ठेवली. विहीणबाई गुडघ्यामुळे उठल्याच नाहीत, माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून आतच बसून राहिल्या. जावई चहा संपवून फरशीवरून नजर न हलवता निघाला, मी त्याच्या मागे. दार, अंधार, शेवटची रांग, कोपरा. पुढे मुलांचा कलकलाट चालला होता. मी मनात म्हटलं, काय आईबाप आहेत, लेकरांना भुताला आणतात. विहीणबाई काही दिसल्या नाहीत, पण काळ्या चष्म्यातून अंधारात कोण दिसणार? मी जावयाच्या पुढच्याच खुर्चीत बसले.

आणि पडद्यावर बदक आलं.

तळ्याकाठी एकटं, आई हरवलेलं. माझ्या डोक्यात तत्क्षणी लख्ख प्रकाश पडला. विहिरीतल्या भुताला गती मिळाली आणि ते बदक होऊन जन्माला आलं. विहीर पाण्याची, तळं पाण्याचं. इतकं सरळ होतं, आणि संपादकाला ते दिसलं नव्हतं. शेवटी बदकाला आई भेटली तेव्हा मी रडले. मागून जावईही रडत होता.

बाहेर आल्यावर मी चष्मा काढला आणि जावयाचा खांदा धरला. सांगितलं, बापू, तू निर्दोष आहेस, बदक आहे, मी साक्षीदार आहे. त्याने कापूस काढला. मला तिथे बघून त्याला आश्चर्य वाटलं, पण आधी समाधान वाटलं. आम्ही तसेच संपादकांकडे जाणार होतो. तेवढ्यात विहीणबाई लंगडत बाहेर आल्या, रागाने लालबुंद.

“तुम्ही होता कुठे? रुमाल टाकून तुमची जागा धरून बसले मी. तीन जणांशी भांडले.”

मी म्हटलं, विहीणबाई, ते राहू दे, भुताचं बदक झालं ते बघितलंत ना?

“कसलं बदक? भूत तळघरात गेलं, सुनेचा गळा धरला, मग कळलं की ते भूत नव्हतंच, दीर होता. पोलीस घेऊन गेले त्याला.”

मी त्यांना समजुतीने सांगितलं की वयोमानाने डुलकी लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

“डुलकी? शेजारची बाई घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली होती. तिच्या वजनाने मेलेला माणूस जागा होईल.”

जावई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तोवर विहीणबाईंचं लक्ष भलतीकडेच गेलं. झाडणारी बाई कचऱ्याचा मोठा हिरवा डबा फरशीवरून खरखर ओढत पहिल्या हॉलच्या दाराशी नेत होती.

“अहो बाई, हा डबा मघाशी आम्ही आत गेलो तेव्हा इथेच होता ना?” विहीणबाईंनी विचारलं.

बाई म्हणाली, इथेच असतो. पण शाळांना सुट्ट्या लागल्यापासून दुसऱ्या हॉलला बदकाचा सिनेमा लागलाय, मुलं मध्यंतरात पॉपकॉर्न सांडतात, म्हणून तेवढ्यापुरता त्या दाराशी नेते. खेळ सुटला की परत आणते.

विहीणबाई मुलाकडे वळल्या. “तू खाली बघत कशाच्या खुणेने आत जातोस?”

जावयाने डब्याकडे बघितलं. मग तो तिथेच पायरीवर बसला.

“आई,” तो म्हणाला, “मी त्या बदकाला चोर म्हटलं.”

या वेळी आम्हा दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही. मी एवढंच म्हटलं की डब्याचा संशय मला पहिल्यापासून होता. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

तो तडक संपादकांकडे गेला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. कापूस, फरशी, डबा. आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. मला वाटलं, शब्दकोडं आलंच. मग संपादकांनी विचारलं, म्हणजे प्रत्येक सिनेमा तू बघितलास, पूर्ण वेळ बसून? जावई म्हणाला, पूर्ण वेळ. फक्त एका सिनेमाचा पूर्ण वेळ नव्हे. संपादक म्हणाले, न बघता लिहिलं नाहीस, एवढं मला पुरे. राहिलेले उत्तरार्ध बघ आणि शुक्रवारी नीट मत दे. आणि आधी त्या बदकाची माफी माग.

त्या शुक्रवारी चौकोनात पहिल्याच ओळीला ठळक अक्षरांत आलं, ‘बदक निर्दोष आहे.’ खाली युद्ध, प्रेम, पोलीस, एकेकाची सुधारलेली मतं. लेकीने ती मोठ्याने वाचली, ताट वाढलं, आणि जावई पहिला घास घेऊन म्हणाला की मीठ कमी आहे. तिने त्याला आणखी वाढलं, मीठ न घालता. सगळ्यांत शेवटी भुताच्या सिनेमावर त्याने लिहिलं होतं, ‘शेवट अनपेक्षित, दिराचं काम चांगलं. मात्र बदक येत नाही, ही उणीव जाणवते.’

आता सांगूनच टाकते, नाहीतर कवळीचं काही खरं नाही. सगळं झालं तसंच सांगितलं, फक्त ते शेवटचं मत त्याचं नाही, माझं आहे. त्याने दोनच शब्द लिहिले होते, ‘उत्तरार्ध ठीक.’ पण ठीक हे काय मत झालं?