बदली रुग्ण

समाजाचे अंतःकरण मुळात विशाल असते; ते नेमके कोणासमोर विशाल करायचे, एवढेच कोणीतरी त्याला दाखवून द्यावे लागते. निधी समित्या याचसाठी अस्तित्वात आल्या आहेत. तळमजल्यावर शिवणाचे दुकान चालवणाऱ्या टेलरबाईंच्या वसाहतीत तर अशी समिती आयतीच होती. (ती मूळची पाण्याच्या टाकीसाठी नेमलेली. टाकी अजून व्हायची आहे.)

टेलरबाईंना अंडाशयाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला होता. दुर्मीळ म्हणजे इतका, की मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत त्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या सगळ्या रुग्णांना फोनवरच्या आवाजावरून ओळखत. ते काम पैशाअभावी वर्षअखेर बंद पडणार होते. टेलरबाईंना स्वतःची काळजी नव्हती असे म्हणणे खोटे होईल, पण त्याहून मोठा घोर लेकीचा होता. हा आजार घराण्यात उतरू शकतो, आणि लेकीत उतरलाय का हे सांगणारी तपासणी त्याच इमारतीत अर्धवट होऊन पडली होती. म्हणून त्या गळ्यातली मोजपट्टीही न काढता समितीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

समितीने विषय मनावर घेतला. सगळे सभासद पुरुष असल्याने 'अंडाशय' हा शब्द इतिवृत्तात घ्यावा की नाही, यावर पहिली बैठक खर्ची पडली. अखेर 'ते ठिकाण' असा सर्वमान्य उल्लेख ठरला आणि संशोधनाला निधी जमवायच्या पदयात्रेसाठी 'त्या ठिकाणच्या आजारासाठी चला, चालूया' असा कापडी फलक रंगवून आणला. (खाली मार्ग दाखवणारा बाण होता. दवाखान्याची पाटी समजून दोघे जण दात दाखवायला येऊन गेले.)

खरी अडचण टेलरबाईंच्या तब्येतीची होती. ती दिसायला चांगली होती. औषधांनी केस गेले होते. पण बाई जात्याच मापात पक्क्या, त्यांनी टोप असा बेतून बसवला होता की जुन्या केसांची कोणाला आठवण येऊ नये. औषधांनीच गाल सुजले होते, त्याला लोक अंगावर मूठभर मांस चढले म्हणत. शिवाय त्यांना हसायची खोड. पहिल्या सभेत अध्यक्षांनी त्यांना मंचावर बोलावले, तर म्हणाल्या, "टोप मीच बसवलाय, कोणाला हवा असेल तर डोक्याचं माप देऊन जा." सभा खदखदून हसली आणि देणगीची पेटी रिकामी राहिली. नंतरच्या पाहणीत असे आढळले की बहात्तर टक्के नागरिकांना कार्यक्रम आवडला, एकसष्ट टक्क्यांना रुग्ण कोण होते ते कळले नाही, आणि एका गृहस्थांनी माप दिले.

अध्यक्ष स्वतः दुकानात आले.

"ताई, गैरसमज नको. पण तुम्ही जरा बऱ्या दिसता."

"मग काय करू? पडून दाखवू?"

"नाही नाही. हसू नका, एवढंच."

"बघते. पण तुम्ही समोर असलात की अवघड जातं."

तेव्हा समितीने ठराव केला: सदर रुग्ण आजारास पात्र, परंतु सादरीकरणास अपात्र. बदली रुग्ण म्हणून अध्यक्षांच्या मेहुणीची एकमताने नेमणूक झाली. ही बाई अंगाने काटकुळी, गालफडे वर आलेली, चेहरा कायम उतरलेला. आजवर घरच्यांना जड झालेले हे गुण प्रथमच समाजाच्या कामी येणार होते. (तिला पित्ताचा त्रास होता, म्हणजे ती अगदीच निरोगी होती असेही नाही.)

टेलरबाईंनी हरकत घेतली नाही. पेटी भरल्याशी कारण. उलट त्यांनीच मेहुणीला दोन मापे ढगळ झगा शिवून दिला आणि दुपारी दुकान बंद ठेवून शिकवणी घेतली.

"अहो, थकवा असा नसतो. हात कपाळावर जात नाही. हात कुठेच जात नाही."

"पण मग लोकांना कळणार कसं?" मेहुणीने विचारले, आणि टेलरबाईंनी झगा आणखी एक माप सैल केला.

चालण्याचा कार्यक्रम कमालीचा यशस्वी झाला. मेहुणी दहा पावले चालली, कपाळावर हात नेला आणि खाली बसली. वसाहत हुंदके देऊन रडली. पेटी भरून वाहू लागली. रांगेत टेलरबाईही होत्या, त्यांनी आपले पैसे टाकले, तेव्हा पेटीपाशी बसलेली कार्यकर्ती म्हणाली, "मावशी, थोडे अजून टाका. बिचारी फार भोगतेय."

यानंतर प्रश्न तत्त्वाचा आला. देणाऱ्यांनी पैसे मेहुणीकडे पाहून दिले होते. रोज दहा जण तिची विचारपूस करत. अशा वेळी तिची तब्येत सुधारली नाही, तर ती जनतेची फसवणूक ठरली असती. सबब मेहुणीला हवापालटासाठी डोंगरावर पाठवण्यात आले. सोबतीला बहीण गेली, आणि बहिणीच्या सोबतीला अध्यक्ष.

"आणि संशोधन?" टेलरबाईंनी निघता निघता त्यांना गाठले.

"ताई, संशोधन काय पळून जातंय? माणूस आधी."

उरलेल्या रकमेतून संशोधनासाठी मेहुणीची मोठी तसबीर करून देण्यात आली.

वर्षअखेरीस टेलरबाई लेकीला घेऊन मागच्या इमारतीत गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई खोकी बांधत होत्या. भिंतीवर फक्त तसबीर राहिली होती.

"या कोण हो?" त्यांनी विचारले. "मी सगळ्या फायली पालथ्या घातल्या. आमच्याकडे नोंदच नाही यांची."

"त्या होय? त्या मी," टेलरबाई म्हणाल्या आणि सवयीने हसल्या. मग लेकीने हळूच विचारले, "आई, माझी तपासणी आता कुठे करायची?" आणि टेलरबाई तिथेच एका खोक्यावर बसल्या. टोप सरकला, तो त्यांनी सारखा केला नाही. त्या तोंड न झाकता, आवाज करत रडल्या. त्यांचे सादरीकरणास पात्र असे हे एकमेव रडणे. पण समितीतर्फे तिथे कोणी हजर नव्हते.

वाचकांपैकी ज्यांना टेलरबाईंची खरी दया वरच्या परिच्छेदात, त्या रडल्यावरच आली, त्यांना समितीचे सभासदत्व खुले आहे. प्रवेश परीक्षा होती, ती आत्ताच आटोपली.