वेद बाकावर बसविल्याची हकीकत

श्री. हकीकत ऐसीजे. जर्मन मुलुखी येना म्हणोन शहर आहे. तेथे भिंगे घडविणारांची आणि विद्वानांची वस्ती बहुत. त्या शहरी विद्यापीठाचे हौशी फुटबॉल लीगमध्ये आषाढमासी जो संग्राम जाहला, तो ज्यांणी डोळां पाहिला त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे न घालितां, लिहून ठेविला असे. जुने कारकून रणी घोडे किती पडले ते लिहीत. येथे घोडा नव्हता, सायकली मात्र बेसुमार.

ऑप्टिक्स पथकाच्या प्रशिक्षक राजश्री ऊर्मिलाबाई, मूळच्या सातारकर, प्रकाशशास्त्रांत डॉक्टरेट करीत होत्या. पथकांत पांच मराठी, बाकी जर्मन, इराणी, ब्राझिली असा जमाव. मराठी त्यांस ताई म्हणत, आणि ते ऐकोन ब्राझिलीही ताईच म्हणों लागले. बाईंचे फर्मान एकच, की मंगळवारी साडेपांचास सरावास हजर व्हावे. जो न कळवितां चुकेल अथवा खोटे कळवील, तो पुढील सामना बाकावर बसेल, आणि येविशी कोणाचा मुलाहिजा होणार नाही.

पथकाची तलवार म्हणजे वेद. एका मोसमांत चौदा गोल केले, पायांत वारा, आणि अंगी थोडा गर्वही. दुसरा गौरांग, वय चौतीस, चष्मा दोरीने बांधून खेळणारा, तीन वर्षांत एकही गोल नाही. मागे एके मंगळवारी ट्राम वाटेत अडकली, फोनची बॅटरी संपली, आणि तो नऊ मिनिटे उशिरा पोचला. बाईंनी त्यास बाकावर बसविले. तो चकार शब्द न काढितां बसला.

मग मोसमाची अखेर आली. गनीम रसायनशास्त्र पथक, मोठे मातबर, तीन साले अजिंक्य. ते एका गुणाने पुढे होते, म्हणोन बरोबरी जाहली तरी करंडक त्यांचाच. ऑप्टिक्सास जिंकणे प्राप्त. ऐशा समयी मंगळवारी वेदाचा खलिता आला की पोट दुखते, येत नाही. आणि त्याच संध्याकाळी त्याचे मित्राचे स्टेटसवर तसबीर झळकली, तींत वेद नदीकाठचे बागेंत, हाती ब्राटवुर्स्ट म्हणजे भाजलेले सॉसेज, मुखी मोहरीची चटणी, प्रकृती उत्तम. बाईंनी विचारिले, तो म्हणाला, तो फोटो जुना आहे.

मग शुक्रवारी दुपारी मेन्झांत, म्हणजे विद्यापीठाचे भोजनगृहांत, मसलत बसली. कप्तान नागेश अर्जदास्त घेऊन आला. त्याची पदवी पुरी जाहली होती, इंगोलश्टाटास मोटारींचे कारखान्यांत नोकरी लागली होती, आणि हा त्याचा अखेरचा सामना.

"ताई, आल्झो, म्हणजे, ऐका ना," तो म्हणाला. "शिक्षा पुढच्या सेमेस्टरला द्या. उद्या त्याला खेळवा. मी परत नाहीये खेळायला."

बाईंनी बटाट्यांत काटा फिरविला. "गौरांगला बसवलं तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

नागेशाने ताट बाजूस सारिले. मग म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

"मग?"

"तेव्हा फायनल नव्हती, ताई."

करंडकाची हाव बाईंसही होती. गतसाली दोन गुणांनी हुकला तेव्हां त्यांणी प्रयोगशाळेचे जिन्यांत बसोन अश्रू ढाळिले होते, ही खबर तेव्हां कोणास नव्हती. तथापि गौरांग तोंड मिटून बाकावर बसला होता, तें चित्र त्यांचे डोळ्यांपुढून हालेना. संध्याकाळी त्यांणी पथकाचे ग्रुपवर यादी पाठविली, आणि तींत वेदाचे जागी गौरांग.

शनिवारी तिसरे प्रहरी उभय सैन्ये मैदानी उतरली. बाकावर एकटा वेद, तोंड फुगवून, बुटाची नाडी सोडीत आणि बांधीत. रसायनवाल्यांनी ऐसा मारा केला की ऑप्टिक्साचा गोलरक्षक अर्धा वेळ जमिनीवरच होता. मध्यंतरापावेतो शून्य-शून्य. मग पासष्टावे मिनिटी ऑप्टिक्साचा एक गडी कपिल, त्याचा घोटा मुरगळला, आणि दोघांचे खांद्यावर हात टाकून तो बाहेर आला.

आतां कुमक एकच शिल्लक, आणि तीही बाकावर शिक्षा भोगीत. मैदानांतून नागेश पाहात होता. प्रेक्षकांत वेदाचे नांवाचा घोष जाहला. वेद उठोन जवळ आला. बाईंना वाटले, आतां विनवील.

"ताई, फोटो जुना नव्हता," तो खालमानेने म्हणाला. "पोटही दुखत नव्हतं. खेळवा म्हणून सांगत नाहीये. नुसतं सांगतोय."

हें तर अधिकच कठीण. खोट्यास शिक्षा देणे सोपे होते. खरे बोललेल्यास तीच चालविणे, यास छाती पाहिजे. क्षमा करावी तर आतां सबबही होती, आणि ती सबब फार सोईची होती, म्हणोनच बाईंचा तिजवर भरंवसा बसेना.

पंच धावत आला. "वेक्सल?" म्हणजे बदली करितां काय, ऐसे पुसिले.

बाईंचा हात उठला, अर्ध्यावर थांबला.

"नाइन," म्हणजे नाही, त्या म्हणाल्या. मग वेदास, "बस. कपिलला बर्फ दे."

वेद बसला. नाडी सोडून दिली आणि कपिलाचा घोटा मांडीवर घेऊन बर्फ लावीत राहिला.

मग दहा जणांनी शर्थ केली, वीस मिनिटे किल्ला राखिला, आणि शहाऐंशीवे मिनिटी कॉर्नर मिळाला. दर मंगळवारी गौरांगास एकच हुकूम असे, की कॉर्नरचे वेळी गोलरक्षकापुढे उभे राहावे आणि काहीही होवो, हालूं नये. तो उभा राहिला. नागेशाने चेंडू उडविला, तो गौरांगाचे पाठीवर आदळून बाजूस चालला, आणि गनिमाचा एक लांबट जवान तो काढावयास धावला, तों त्याचेच गुडघ्यास लागून चेंडू जाळ्यांत गेला.

तमाम पथक गौरांगावर कोसळले. बाकावरून सर्वांआधी वेद धावला, आणि त्याणे गौरांगास उचलिले, तेव्हां चष्मा गवतांत पडला.

सामना संपला. पंच कागद घेऊन आला, गोल कोणाचा लिहूं? साऱ्या पथकाचे मुखांतून एकच नांव निघाले, गौरांग. गौरांग चष्मा पुशीत होता.

"माझ्या पाठीला लागला, पण बाहेर चालला होता," तो पंचास जर्मनीत म्हणाला. "आत त्याच्या गुडघ्याने गेला."

"अरे, घे ना नावावर," नागेश कळवळला. "कोण बघतंय?"

"मी बघितलं ना," गौरांग म्हणाला.

पंचाने बाईंकडे पाहिले. गौरांगास एक गोल मिळावा ऐसे त्यांस त्या क्षणी करंडकाहून अधिक वाटले, परंतु मान हलविणे भाग पडले. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे."

येणेंप्रमाणे ऑप्टिक्स पथकाने दहा मनुष्यांनिशी रसायनशास्त्र्यांस एक-शून्य ऐसे जिंकोन करंडक घेतला, फत्ते जाहली. पंचाचे कागदी नोंद ऐसी की, गोल करणाराचे रकान्यांत शत्रूचे मनुष्याचे नांव. बदलीचे रकान्यांत रेघ. राखीव खेळाडू वेद, हजर. खाली प्रशिक्षक म्हणोन ऊर्मिलाबाईंची सही असे.