कार्मेलीन मावशीचे आजार

कार्मेलीन मावशीला आयुष्यात साधी सर्दीसुद्धा धड झाली नव्हती, आणि तरी वसईजवळच्या आमच्या अख्ख्या उमेळ्यात सगळ्यात जास्त आजार तिलाच होते. सोमवारी तिची कंबर धरायची, मंगळवारी पित्त उसळायचं, बुधवारी डाव्या कानात मुंग्या यायच्या. पुरुषांचे आजारही ती सोडत नसे. एकदा तर तिला चक्क प्रोस्टेटचा त्रास झाला होता, आणि तो तिनं इतका मनापासून सोसला की समोर बसलेला बारावीचा मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला तो परत आलाच नाही.

सांगायचं म्हणजे, आमच्या भागातल्या ज्या ज्या पोरांना डॉक्टर व्हायचं होतं, त्यांची कार्मेलीन मावशी ही सरावाची पेशंट होती. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिनं स्वतःच घेतलं होतं.

त्याचं असं झालं. नव्वदीच्या त्या दिवसांत उमेळ्याच्या चिकूच्या वाड्या एकेक करून जात होत्या आणि तिथे चार-चार मजली बिल्डिंगा उठत होत्या. आमची बिल्डिंग मावशीच्याच भावांनी विकलेल्या वाडीत उभी होती. भाऊ पैसे घेऊन बायकामुलांसकट परदेशी गेले. मावशीनं मात्र आपल्या वाट्याचं कौलारू घर आणि पुढचे चिकू ठेवले. "मी काय बर्फात जाऊन बसू? मला इथं बरं आहे," एवढंच ती म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. मुंबईला टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी केली आणि रिटायर होऊन घरी बसली. फुलाफुलांचा फ्रॉक, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की फोनवर ऐकलं तर विशीतली वाटावी.

आमच्या फ्लॅटात अभ्यासाला जागा कुठली? टीव्ही, कुकर, पाहुणे, सगळं एकाच खोलीत. मावशीचा व्हरांडा ऐसपैस आणि गार. पोरं तिथे पुस्तकं घेऊन बसायला लागली. मावशीनं हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. चार वाजता चहा झाला की प्रत्येकानं एक पेशंट तपासायचा. पेशंट अर्थात मावशी.

"मेडिकलची तयारी म्हणजे नुसती घोकंपट्टी नाही रे," ती म्हणायची. "बेडकाचं काळीज कुठे असतं ते पुस्तकात आहे. माणूस कुठे दुखतो ते कुठल्या पुस्तकात आहे, दाखव मला!"

मग ती आरामखुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि उघडले की दुसरीच कुणी असायची. नोकरीत जन्मभर माणसांचे आवाज ऐकलेले, ते सगळे तिच्या गळ्यात येऊन राहिले होते. कधी पाचूबंदरची कोळीण यायची. "डॉक्टर, कंबर धरलीय माजी. पानी भराला वाकता येत नाय. आनि घरात सांगू कोनाला?" कधी नाकात बोलणारे हेडक्लार्क यायचे. त्यांना बसायला त्रास व्हायचा, पण नेमका कुठे ते सांगायला लाज वाटायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सासू-सून. सून आजारी, पण बोलणार सासू. दोन्ही मावशीच. सासू तोंडाचा पट्टा चालवायची आणि मधूनच मावशी मान खाली घालून सून व्हायची, गप्प. सुनेला बोलतं करणं हे आमच्यातल्या भल्याभल्यांना जमलं नाही.

चुकलं की मावशी टाळी वाजवायची. "गेला पेशंट!"

"मेला?" आम्ही घाबरून विचारायचो.

"मरतोय कशाला? दुसऱ्या डॉक्टरकडे गेला!"

पेशंट टिकला तर मात्र फी मिळायची. फी म्हणजे केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेलं एक सुकेळं. आमच्या वसईच्या केळ्यांची ती उन्हात वाळवलेली सुकेळी ज्यानं खाल्लीत त्याला कळेल की या फीसाठी माणूस सासूशीसुद्धा भांडेल.

माझी गोष्ट जरा अवघड होती. मला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं, दुसरं काही सुचलंच नाही कधी. पण त्या काळी सगळा प्रवेश बारावीच्या मार्कांवर, आणि माझा तो थोडक्या मार्कांनी हुकला. एफवाय बीएस्सीला नाव घातलं आणि दुसऱ्या कॉलेजांच्या प्रवेश परीक्षा देत बसले. दक्षिणेत एक मिशनचं मोठं मेडिकल कॉलेज आहे, त्यांच्या लेखी परीक्षेत पास झाले. घरात आनंदीआनंद. पण पुढे मुलाखत होती, आणि तिथे म्हणे मार्क बघत नाहीत, मुलगी माणसांशी कशी वागते ते बघतात.

झालं! मी म्हणजे मुखदुर्बळ. पाहुणे आले की गच्चीवर पळणारी. वाण्याकडे जाऊन "अर्धा किलो रवा" म्हणायलासुद्धा मला तीनदा घसा साफ करावा लागायचा. बाबा शांतपणे म्हणाले, "सुजू, हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर बीएस्सी पुरी कर, मग बी.एड. करून शाळेत लाग. त्यातही वाईट काही नाही." वाईट काही नव्हतंच. पण मला ते नको होतं. मी रात्रभर रडले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मावशीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

आई नाक मुरडून म्हणाली, "अगं, ती बाई नाटकं करते. तिच्याकडून काय शिकणार तू? त्यापेक्षा इंग्रजी पेपर वाच मोठ्यानं."

पहिल्या दिवशी मी कोळणीला एका दमात सगळे प्रश्न विचारून टाकले. नाव काय, वय काय, कधीपासून दुखतं, जुलाब होतात का.

मावशीनं चष्मा काढला. "तू डॉक्टर आहेस की हवालदार? बाई चोरी करून आलीय का? आधी बसव तिला. पाणी विचार. उन्हातनं आलीय ती टोपली घेऊन."

दुसऱ्या दिवशी मी बसवलं, पाणी विचारलं, आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून नुसती बघत राहिले. पेशंट गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. हेडक्लार्क तर माझ्या हातून इतक्या वेळा गेले की मला स्वप्नात त्यांची पाठ दिसायची. मावशी मात्र चिकाटीची. "उद्या परत येतील ते," ती म्हणायची, "त्यांचंही कुठे बरं झालंय!"

व्हरांडा पुरेना म्हणून तिनं मला बाहेर काढलं. एका सकाळी वसईच्या मासळीबाजारात बोंबील बघता बघता ती "अगं आई गं" म्हणाली आणि सरळ खाली बसून आडवी झाली. मला आधी काही सांगितलं असेल तर शपथ! मी पिशवी घेऊन नुसती उभी. तोवर कोळणी धावल्या. "अगो, कोनाची बाय हाय ही?" "पानी मार तोंडावर!" आणि जे पाणी हाताशी होतं ते, म्हणजे माशांच्या टोपलीतलं बर्फाचं, एकीनं फस्सकन तिच्या तोंडावर मारलं. दुसरी तिच्या नाकाशी चप्पल घेऊन आली. एक रिक्षावाला तर तिला उचलायलाच निघाला.

तेव्हा माझ्या तोंडातून पहिल्यांदा मोठा आवाज निघाला. "बाजूला व्हा सगळे! वारा येऊ द्या!" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, नाडी धरली आणि तिच्या कानाशी म्हटलं, "मावशी, घाबरू नका. मी आहे इथे."

मावशीनं एक डोळा उघडला. "आता कसं!" म्हणाली. मग उठून बसली, फ्रॉकवरचा बर्फ झटकला आणि कोळणींना म्हणाली, "देव भलं करो तुमचं. बरं वाटतंय. बोंबील कसे दिले?"

कोळणींनी तिला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. दोन दिवस मावशीच्या अंगाला बोंबलाचा वास येत होता, आणि आई सगळा प्रकार ऐकून कपाळावर हात मारून बसली. पण मला माझा आवाज सापडला होता, खरंच सांगते. त्या आठवड्यात हेडक्लार्क टिकले. नंतर एकदा सासूला मी "आई, तुमचीही जरा तपासणी करू, तुम्ही दमलेल्या दिसता" म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि सून बोलली. मावशीनं एकदम दोन सुकेळी दिली.

मुलाखतीला निघायच्या आदल्या दिवशी चार वाजता मी शेवटची गेले. बाकीची पोरं नव्हती. मावशी खुर्चीत बसली, डोळे मिटून घेतले, उघडले, पण आवाज काही बदलला नाही.

"डॉक्टर, एक बाई आलीय," ती म्हणाली.

"या, बसा. नाव काय तुमचं?"

"नाव कशाला लागतं?"

आजवरच्या सगळ्या पेशंटांना नाव होतं, गाव होतं, चार मुलं होती. "बरं, नको नाव. काय होतंय?"

"होत काहीच नाही. जेवण जातं, झोप लागते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, चार माणसांशी बोलते. मग घरी येऊन कुलूप काढते. आत कुणी नसतं, हे माहीत असतं हो. तरी रोज दारात जरा उभी राहते. आधी दिवसभर कानात माणसं असायची. आता माझ्याशी बोलायला कुणीतरी यावं म्हणून मला..." ती थांबली. "म्हणून त्या बाईला काय काय करावं लागतं. यावर औषध आहे का?"

मला सगळं कळलं. इतका वेळ आम्ही समजत होतो की ती आम्हाला शिकवतेय. शिकवत होतीच, पण कुणीतरी समोर बसून "काय होतंय" असं विचारावं, म्हणून तिनं गावातले सगळे आजार अंगावर घेतले होते. मी तिचा हात हातात घेतला. "रोज येत चला," म्हणाले. "याच वेळेला. मी आहे."

"आणि डॉक्टर गावाला गेली की?"

उद्याची माझी गाडी होती. सीट मिळाली तर वर्षानुवर्षं तिकडेच. तिनंच मला तिथवर पोचवलं होतं. मी नुसती तिचा हात धरून बसले. मग तिनंच हात सोडवून घेतला. "जा पोरी, बॅग भर. तिकडचं जेवण तिखट असतं म्हणतात, दही खा."

घरी आले आणि आईच्या गळ्यात पडून रडले. आईनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या कपड्यांच्या घड्या करत राहिली.

मुलाखतीत तीन डॉक्टर होते. मधल्या म्हाताऱ्या बाई बोलताना सारखा पाय लांब करत होत्या, परत ओढून घेत होत्या. "डॉक्टर का व्हायचंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. घरून पाठ केलेलं उत्तर मी पार विसरले, आणि माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तुमचा गुडघा फार दुखतोय का? पायाखाली काही घ्यायला देऊ?" बाजूचे दोघे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच पायाखाली एक स्टूल घेतलं आणि मला गुडघ्याबद्दल इतकं सांगितलं की माझा वेळ संपून गेला. मला वाटलं, गेली सीट. पण मिळाली! बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले, आणि मावशी सगळ्यांना सांगत सुटली की या डॉक्टरनं माझे चाळीस आजार बरे केलेत.

पहिल्या सुट्टीत मी घरी आले ती दुपारच्या गाडीनं. बॅग घेऊन चालत होते, तर मावशीच्या व्हरांड्यातून आईचा आवाज आला. मी फाटकाशीच थांबले. पेशंट तपासताना मी बसायचे त्या स्टुलावर आई बसली होती, मांडीवर निवडायची मेथी. नंतर कळलं की मी कॉलेजला गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती रोज जात होती. डॉक्टरकीतलं ओ की ठो तिला येत नव्हतं, आणि मावशीच्या पेशंटांची तिला खरोखरची काळजी लागायची. स्वयंपाक करताना मध्येच बाबांना म्हणायची, "त्या सुनेला आज जरा उतार होता हो."

"हं, या," आई मेथीचं पान खुडत म्हणाली. "आज कोण आलंय?"

मावशीनं आज डोळे मिटले नाहीत.

"आज कुणी नाही आलं, सुजूची आई," ती म्हणाली. "आज मीच आलेय."

आईनं मेथी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि स्टूल पुढे ओढून घेतलं.

"बरं केलंत आलात ते. सांगा, काय होतंय?"

मावशी बोलायला लागली. मी फाटकाची कडी काढली नाही. बॅग उचलली आणि मागच्या वाटेनं घरी गेले.