भैरूची भिंत आणि मेंदूमहाराज

मुलांनो, एका जंगलात एक हत्ती होता आणि त्या हत्तीच्या अंगात एक अख्खं राज्य नांदत होतं. प्रजा पेशींची, राजा मेंदूमहाराज. राजाला मतं फार होती.

राज्यात भैरू नावाचा पहारेकरी होता. तोही पेशीच. एखादी पेशी रोगट झाली की भैरू तिला जाऊन मिठी मारायचा आणि मिठीतच बारीक गिरमिटं सोडायचा. तिच्या भिंतीला भोकं पडायची आणि ती मरायची.

आता गिरमिटांना काही डोळे नसतात. ती भैरूलाही टोचायला जायची. पण पेशींच्या भिंती लिंपणारी स्निग्धाबाई त्याच्या भिंतीत चरबी इतकी दाबून बसवायची की त्यांना शिरायला फट मिळत नसे. भैरू जिवंत राहायचा तो एवढ्यामुळे. सत्कार मात्र गिरमिटांचा व्हायचा.

एकदा महाराजांनी कुठेतरी ऐकलं, चरबी वाईट. खुद्द महाराजांच्या अंगात पाण्याखालोखाल चरबीच होती, पण दरबारात हे बोलणार कोण? सगळ्यांनी माना डोलावल्या.

"पहारेकरी सडसडीत हवेत," महाराज म्हणाले. "भिंती खरवडा."

"खरवडा," स्निग्धाबाई म्हणाली, "पण मग भैरूला मिठी मारायला पाठवू नका. तो मरेल."

"बाई, तुमचं काम लिंपायचं. धोरण आम्ही बघतो."

भैरूची भिंत खरवडली. त्याच दिवशी यकृतातून निरोप आला, एक पेशी बिघडली आहे आणि झपाट्याने एकीच्या अनेक होताहेत.

"जाऊ नकोस रे," स्निग्धाबाई म्हणाली.

"भीती वाटतेय, बाई. पण मी नाही गेलो तर हत्ती जाईल."

तो गेला. त्यातल्या एकीला त्याने मिठी मारली, गिरमिटं सोडली. आधी त्या पेशीला भोकं पडली, मग त्याला. दोघं तिथेच संपली. सांगताना मला अजून संताप येतो.

दरबाराने चौकशी समिती नेमली. समितीने लिहिलं : 'भैरू शत्रूच्या गळ्यात गळा घालून मेला, सबब फितूर होता.' पुढचे पहारेकरी आणखी खरवडून पाठवले. तेही तसेच मेले. यकृतातल्या उरलेल्या रोगट पेशी निवांत वाढत राहिल्या.

पावसाळ्याआधी हत्ती डोहाकाठी बसला तो उठलाच नाही. त्याची हाडं वर आली होती. शेवटच्या श्वासाला मेंदूमहाराज समाधानाने म्हणाले, "वजन मात्र उतरलं."

तात्पर्य : ज्याच्यामुळे आपण जगतो, त्याला सगळ्यात आधी खरवडून काढावं. म्हणजे ज्याचे आभार मानायचे तो उरत नाही, आणि मानणाराही.